पिपचं अपील ट्रायब्युनलने फेटाळलं, आता पुढे?

एमई (श्रमानंतर तब्येत ढासळवणारा दीर्घ थकव्याचा आजार), फायब्रोमायाल्जिया, ल्युपस, क्रोन्स, लाँग कोविड. या आजारांत सोमवारी जिना चढता येतो आणि मंगळवारी अंथरुणातून उठता येत नाही. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, हा ब्रिटनमधला आजारी-अपंगांचा भत्ता ठरवणाऱ्यांना मात्र एकच उत्तर हवं असतं. डीडब्ल्यूपीचा (भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याचा) नकार, मग मँडेटरी रीकन्सिडरेशन (त्याच खात्याकडे फेरविचार), मग फर्स्ट-टियर ट्रायब्युनल (स्वतंत्र पॅनेलपुढची सुनावणी), आणि तिथेही नकार आला की बरेचजण फाईल बंद करतात. त्यापुढे अप्पर ट्रायब्युनल आहे. त्याला फी नाही, आणि हरलात तरी समोरच्याचा खर्च तुमच्या माथी येत नाही. मात्र तिथे आजाराची चर्चा नव्याने होत नाही. खालच्या पॅनेलने कायदा लावताना कुठे चूक केली, एवढंच पाहिलं जातं.

पुढची सगळी माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये पिपऐवजी वेगळा भत्ता आहे, उत्तर आयर्लंडची अपिलाची वाटही वेगळी आहे.

पहिला महिना

सुनावणीनंतर हातात पडतं ते निकालपत्र दोनेक पानांचं असतं. त्यावरून अपील लिहायला बसू नका. आधी ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ मागवा, म्हणजे पॅनेलने तसा निकाल का दिला याची लेखी कारणं. निकालपत्र दिल्याच्या किंवा पाठवल्याच्या तारखेपासून त्यासाठी एक महिना मिळतो. पत्र चार ओळींचं पुरतं: नाव, केस नंबर, सुनावणीची तारीख, आणि ‘नियम ३४ प्रमाणे लेखी कारणं हवीत’ हे वाक्य (हा ट्रायब्युनलच्या कामकाजाच्या नियमांतला). त्याच पत्रात सुनावणीचं रेकॉर्डिंग आणि जज्जांच्या नोंदीही मागून ठेवा; त्या कायम जपून ठेवल्या जात नाहीत. पत्र पाठवल्याचा पुरावा सांभाळा.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे संतापून तीन पानी पत्र लिहिणं, सोबत जीपीची (फॅमिली डॉक्टरची) नवी चिठ्ठी जोडणं, आणि कारणं मागायचं विसरून जाणं. अप्पर ट्रायब्युनलकडे अपील करायला आधी परवानगी लागते, आणि लेखी कारणं नसतील तर ती मिळणं फार अवघड जातं. मुदत टळली असेल तरी मागा, पण उशीर का झाला ते तारखांनिशी लिहा. ‘तब्येत बरी नव्हती’ याला वजन नाही. ‘३ ते १९ तारखेपर्यंत आजार उसळला होता, त्या काळातली जीपीची नोंद जोडली आहे’ याला आहे.

काही प्रकरणांत याहून जवळची वाट असते. कागद तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, किंवा तुम्ही वा तुमचा प्रतिनिधी सुनावणीला नव्हता, किंवा प्रक्रियेत दुसरी काही गडबड झाली, तर नियम ३७ खाली निकाल रद्द करायची विनंती करता येते. तिलाही महिन्याचीच मुदत आहे आणि लेखी कारणांसाठी थांबावं लागत नाही. दोन्ही अर्ज एकदम पाठवा.

कारणं हातात आल्यावर

कारणं यायला महिन्याहून जास्त लागू शकतो. ती पाठवल्याच्या तारखेपासून परवानगीच्या अर्जाचा नवा महिना सुरू होतो. प्रिंट काढा आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. रोज एक अ‍ॅक्टिव्हिटी घेतली तरी पुरे. पिपमध्ये त्या बारा आहेत, दहा रोजच्या जगण्याच्या आणि दोन हिंडण्याफिरण्याच्या.

वाचताना शेजारी २०१३ च्या पिप नियमांतला नियम ४ ठेवा. एखादी गोष्ट ‘जमते’ असं म्हणायचं तर ती सुरक्षितपणे, बऱ्यापैकी दर्जाची, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमली पाहिजे. वाजवी वेळ म्हणजे तो आजार नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागतो त्याच्या दुपटीपर्यंत. लागेल तितक्या वेळा म्हणजे दिवसातून जितक्यांदा ते काम करण्याची खरोखर गरज पडते तितक्यांदा. सुरक्षिततेत काम चालू असतानाची इजा धरतात, तशी ते उरकल्यानंतरचीही धरतात. एमई असणाऱ्यांनी हे ‘नंतर’ अधोरेखित करून ठेवावं. सोबत नियम ७ पाहा: एखादं वर्णन, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीखालची ज्यावर पॉइंट मिळतात ती ओळ, लागू व्हायला ते पन्नास टक्क्यांहून जास्त दिवस लागू असावं लागतं.

आता चालण्याचं उदाहरण घ्या. कारणांत लिहिलंय, ‘अपीलकर्ती पार्किंगपासून दुकानापर्यंत ६० मीटर चालते, म्हणून ४ पॉइंट.’ पॅनेलने एकदा चालल्याचं पाहिलं. तेच अंतर दिवसात पुन्हा चालता येतं का, मध्ये किती वेळा थांबावं लागतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, यावर एक ओळही नसेल तर मुद्दा तुमच्या हातात आला. पन्नास मीटरच्या आतलं उत्तर निघालं असतं तर किमान ८ पॉइंट, म्हणजे हिंडण्याफिरण्याचा स्टँडर्ड दर. १२ ला एन्हान्स्ड, म्हणजे वरचा दर.

आणखी कुठे शोधायचं? जीपीचं किंवा स्पेशालिस्टचं पत्र बाजूला ठेवलं, पण का ते सांगितलं नाही. डीडब्ल्यूपीचा असेसर एक म्हणतो आणि तुमची नर्स दुसरं, त्यात एकाला का मानलं याचा उल्लेख नाही. तुम्ही मांडलेली एखादी अ‍ॅक्टिव्हिटी पूर्णच राहून गेली. ‘गाडी चालवते, म्हणजे स्वयंपाकही येतो’ असली उडी. चांगल्या-वाईट दिवसांचं प्रमाण विचारलंच नाही. सुनावणीत पाऊण तास शांत बसलात म्हणून दुखणं नसेल, हे तुम्हाला उत्तर द्यायची संधी न देता ठरवलं. कोर्ट ऑफ अपीलने २००५ मध्ये आर (इराण) या खटल्यात कायद्याच्या चुकांची जी यादी दिली, तिच्यात यांतलं बहुतेक बसतं: महत्त्वाच्या मुद्द्यावर अपुरी कारणं, पुराव्यातला विरोध न सोडवणं, कायदा चुकीचा लावणं, प्रक्रियेत अन्याय. फिट किंवा चक्कर येणाऱ्यांनी ‘सुरक्षितपणे’ या शब्दावर अप्पर ट्रायब्युनलचा २०१७ चा यूकेयूटी १०५ हा निकाल दाखवावा. इजेची शक्यता कमी असली तरी इजा गंभीर असेल तर ती मोजायची, असं त्यात ठरलं आहे.

‘पॅनेलने माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हा एकटा मुद्दा चालत नाही. नवा पुरावाही सहसा चालत नाही. डीडब्ल्यूपीच्या मूळ निर्णयानंतर तब्येत ढासळली असेल तर तेही इथे कामाचं नाही. १९९८ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याचं कलम १२(८)(ब) ते मोजू देत नाही. पिप मुळीच मिळत नसेल तर त्यासाठी नवा क्लेम वेगळा करा.

मराठीत बोलणाऱ्यांसाठी एक खास जागा आहे. ‘कसंबसं भागवते’ हे दुभाष्याने ‘होय, ती करू शकते’ असं सांगितलं, तर वाक्याचा जीवच गेला. रेकॉर्डिंग ऐका, मिनिट-सेकंद टिपा, आणि मूळ वाक्य व भाषांतर शेजारी-शेजारी लिहा. भारतातल्या डॉक्टरांचे कागद इंग्रजी भाषांतरासह फाईलमध्ये होते आणि पॅनेलने त्यांचा उल्लेखही केला नाही, तर तोही मुद्दा.

अर्ज लिहिण्याआधी हिशोब

चूक असून भागत नाही, तिने निकाल बदलला असता हे दिसावं लागतं. तुम्हाला रोजच्या जगण्यात ६ पॉइंट मिळाले असतील तर स्टँडर्ड दराच्या ८ ला उरलेले २ कुठून येतात ते दाखवा. चूक खरी, पण सगळं तुमच्या बाजूने धरूनही बेरीज ५ वरच अडत असेल, तर ताकद वाया घालवू नका.

दुसरा हिशोब धोक्याचा. थोडं काही मिळालं असेल, समजा स्टँडर्ड दर, आणि एन्हान्स्डसाठी लढताय, तर निकाल रद्द झाल्यावर नवं पॅनेल सगळंच पुन्हा उघडू शकतं, मिळालेलंसुद्धा. हा निर्णय एकट्याने घेऊ नका. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा जवळचं लॉ सेंटर, अशा सल्ला देणाऱ्या संस्था गाठा. अप्पर ट्रायब्युनलच्या टप्प्यावर उत्पन्न कमी असणाऱ्यांना लीगल एडही (सरकारी खर्चाने कायद्याची मदत) मिळू शकते, जी खालच्या सुनावणीसाठी सहसा मिळत नाही.

अर्जात मुद्द्यांना नंबर द्या. तीन भक्कम मुद्दे दहा लटक्यांहून बरे. प्रत्येकात चार गोष्टी: कारणांचा परिच्छेद क्रमांक, कुठला नियम, काय राहून गेलं, त्याने पॉइंट किती बदलले असते. अर्ज आधी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडेच जातो. तिथला जज निकाल स्वतःच रद्द करू शकतो, परवानगी देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. नकाराने खचू नका. नकार पाठवल्यापासून एका महिन्यात यूटी१ फॉर्म थेट अप्पर ट्रायब्युनलकडे पाठवायचा, सोबत निकालपत्र, लेखी कारणं आणि नकाराचं पत्र. तिथेही केवळ कागदांवरून नकार आला, तर १४ दिवसांत तोंडी फेरविचार मागता येतो.

परवानगी मिळाली की डीडब्ल्यूपीला उत्तर द्यावं लागतं. बरेचदा त्यांचाच प्रतिनिधी ‘चूक झाली आहे’ असं मान्य करतो, आणि काम कागदावरच आटोपतं. अप्पर ट्रायब्युनल स्वतः नवा निकाल देऊ शकतं, पण बहुधा प्रकरण खाली परत जातं. अर्जातच ‘वेगळ्या सदस्यांपुढे सुनावणी व्हावी’ असं मागून ठेवा. नव्या तारखेआधी मराठी दुभाषी, मधल्या विश्रांतीच्या वेळा, फोनवर की व्हिडिओवर हे लेखी कळवा, आणि पुरावा डीडब्ल्यूपीच्या मूळ निर्णयाच्या तारखेच्या आसपासचा जमवा. आज लिहिलेली डायरी त्या काळाबद्दल फारसं बोलणार नाही; तेव्हाचे औषधांचे रिपीट प्रिस्क्रिप्शन, चुकलेल्या अपॉइंटमेंटचे मेसेज, कामावरच्या सिक नोट्स बोलतील.