हात न लावता बॉल काढता येईल असा गोल्फचा होल कसा बनवायचा

गोल्फ मोकळ्या हवेत, एकमेकांपासून लांब उभं राहून खेळतात. तरीही २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा जगभरचे गोल्फ कोर्स एका गोष्टीवर अडले, ती म्हणजे होल. चार जणांचा गट येतो, आधीच्या गटानं धरलेला होलातल्या झेंड्याचा दांडा धरतो, त्याच कपात (होलाच्या आत बसवलेल्या डब्यात) हात घालून बॉल काढतो आणि पुढे जातो. त्यांच्या मागून दुसरा गट येतो. असं अठरा होलवर, दिवसभर. या एका अडचणीवर कोर्सवरच्या माळी-कामगारांनी जे उपाय काढले ते इतके साधे होते की त्यातले दोन आपल्याकडे कुठल्याही पटांगणात करता येतात. लागणारं बरंचसं सामान खान्देशात शेतीच्या दुकानामागं आणि केळीच्या पॅकिंग शेडवर पडलेलं असतं.

हा लेख पूर्ण गोल्फ कोर्सचा नाही. शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा मळ्यातल्या घरापुढे पाच-सहा होलचा पटिंगचा खेळ मांडायचा असेल, तर त्यातला प्रत्येक होल हात न लावता कसा वापरता येईल, एवढंच इथं सांगतो. पटिंग म्हणजे बॉल जमिनीवरून हलक्या टोल्यानं घरंगळवत होलात घालणं. यात बॉल हवेत उडवायचा नसतो, त्यामुळे पोरंटोरं आणि आजी-आजोबा एकत्र खेळू शकतात.

आता याची गरज काय, असं कुणी विचारेल. करोनाबद्दल पुढे कळलं की वस्तूंना हात लावून होणारा संसर्ग फार कमी असतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये ही शक्यता साधारणपणे दहा हजारात एकाहून कमी असल्याचं सांगितलं. पण सगळे आजार करोनासारखे नसतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, आणि ती हातावरून डोळ्याला अशीच पसरत होती. सर्दी आणि जुलाब यांतही हातांचा वाटा मोठा असतो. शाळेत साथ आली की पहिला बंद होतो तो खेळाचा तास. मला ते मनापासून खटकतं. खेळाची मांडणी थोडी बदलून मुलं मैदानावर राहू शकत असतील तर ती बदलावी. आपल्या राज्यानंही ५ ऑगस्ट २०२० पासून ज्या मैदानी खेळांना अंतर राखून परवानगी दिली, त्यात टेनिस, मल्लखांबाच्या जोडीला गोल्फ होता.

कोर्सवाल्यांनी काय काय केलं होतं

सर्वात झटपट उपाय म्हणजे होलातला कप जमिनीच्या वर इंचभर उचलून ठेवणं. बॉल कपाच्या भिंतीवर आपटला की होल पूर्ण झाला असं धरायचं. आत काही जातच नाही, तर हात घालायचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं अशा फेऱ्यांचे स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी, तात्पुरते ग्राह्यही धरले. पण जोरात मारलेला, खरं तर होलावरून उडून गेला असता असा बॉलही यात ‘गेला’ ठरतो. शिवाय बॉल कपात पडताना येणारा ‘टप्प’ आवाज जातो, आणि पटिंगची निम्मी मजा त्या आवाजात आहे. घाईची सोय म्हणून ठीक, मी तो सुचवणार नाही.

दुसरा उपाय फोमचा. पोहायला शिकणाऱ्यांसाठी फोमची लांब, पोकळ नळी मिळते. तिचा तुकडा कापून दांड्याभोवती कपात बसवायचा. बॉल थोडासाच खाली जातो आणि दोन बोटांनी फक्त बॉलला धरून उचलता येतो. तिसरा उपाय आकड्याचा. झेंड्याच्या दांड्याला एक आकडा आणि खाली कपात एक चकती. पटरच्या (पटिंगच्या काठीच्या) डोक्यानं आकडा वर उचलला की चकती वर येते आणि बॉल बाहेर घरंगळतो. हे दोन्ही आपण करू.

दांडा होलातच राहू देण्याची मुभा मात्र साथीमुळे आलेली नाही. २०१९ च्या नियमबदलात ग्रीनवरून, म्हणजे होलाभोवतीच्या पटिंगच्या पट्टीवरून, मारलेला बॉल दांड्याला लागला तरी दंड नाही असं ठरलं होतं. त्यामुळे वर्षभरानं साथ आली तेव्हा ‘दांड्याला कुणी हात लावू नका’ हे नियम न मोडता सांगता आलं.

सामान

गोल्फचा होल १०८ मिलिमीटर व्यासाचा असतो. शेतात पाण्याच्या लाइनीसाठी आपण ११० चा पीव्हीसी पाइप टाकतो, तो बाहेरून ११० आणि आतून साधारण १०३-१०४ मिलिमीटर भरतो. घरच्या खेळाला अगदी जवळचं माप. नवा पाइप घेऊ नका, कारण तो सहा मीटरचा अख्खा घ्यावा लागतो. पाइपलाइन केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याकडे तुकडे पडलेले असतात. भाऊ, वीतभर तुकडा द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येक होलाला १५ सेंटीमीटरचा एक तुकडा लागेल.

दांड्याला १० मिलिमीटरची साधी गोल सळई घ्या, चार फूट लांब. इथं बरेच जण हाताशी असलेला २० मिलिमीटरचा वायरिंगचा पाइप वापरतात आणि मग बॉल आत का जात नाही म्हणून गोंधळतात. हिशेब असा: कपाची आतली रुंदी १०४, त्यातून दांड्याचे २० गेले, उरले ८४. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक बाजूला ४२ मिलिमीटर जागा. आणि गोल्फचा बॉल नियमानं किमान ४२.६७ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या मिलिमीटरपुरता बॉल दांडा आणि कड यांच्यात अडकून वरच बसतो. १० च्या सळईला प्रत्येक बाजूला ४७ मिलिमीटर मिळतात आणि बॉल मोकळा खाली जातो.

बाकीचं सामान असं: ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळ्या आणि त्यांचे एंड कॅप, ३ मिलिमीटर जाडीची जीआय तार, थोडी बांधणीची तार, बारीक खडी, मुरूम आणि खडी क्रशरची कच. फोमसाठी रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंग शेडवर विचारा. निर्यातीच्या केळीच्या फण्यांमध्ये ठेवायच्या फोम शीटचे तुकडे तिथं वाया जातात. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला पांढरा लवचीक फोमही चालतो. थर्माकोल नको, दोन दिवसांत त्याचे दाणे सगळ्या मैदानभर होतात.

जमीन

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात पाइप नुसता पुरला तर पहिल्या पावसानंतर तो बोटभर वर आलेला दिसेल आणि चैत्रात त्याच्या कडेनं फट पडेल. म्हणून पाइपपेक्षा बराच मोठा, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. काळी माती काढून टाका आणि मुरूम थराथरानं, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकत भरा. घराच्या पायात मुरूम भरतात, तेच कारण. या कामात कंजुषी केली तर पुढचं सगळं वाया जातं.

भोवतालची खेळायची पट्टी गवताची असलीच पाहिजे असं नाही. पाण्याची टंचाई असलेल्या भागांत गोल्फचे ग्रीन गवताऐवजी वाळू-मातीचेही असतात, त्यांना ब्राऊन म्हणतात. अमळनेर-पारोळ्याकडच्या तुटपुंज्या पाण्यावर हिरवळ जगवण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही. पूर्वी सुगीच्या आधी खळं करायचे तशीच पट्टी करा: तण खुरपून काढायचं, पाणी मारायचं, वाफसा आल्यावर ठोकून सपाट करायचं. वरून सारवण्याऐवजी क्रशरची बारीक कच पातळ पसरून रोलर फिरवा. गिरणा-तापीची वाळू हवीच असं नाही, आणि ती मिळवणं आता सोपंही राहिलेलं नाही.

होल बसवणं

ठोकलेल्या मुरुमात मधोमध पाइपच्या मापाचा, १५ सेंटीमीटर खोल खळगा कोरा. पाइपची वरची कड पट्टीच्या बरोबरीनं, किंवा नखभर खाली बसली पाहिजे. वर आली तर बॉल कडेला आपटून परत फिरतो. स्पर्धेच्या नियमात कप कडेपासून इंचभर खाली असतो, पण कचेच्या जमिनीत तेवढी उघडी मातीची कड टिकत नाही. पाइपची धार कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं गोल करून घ्या, बोटाला लागायला नको.

आता सळई पाइपच्या बरोबर मध्यावर ठोका, दीड फूट जमिनीत. ओळंबा धरून सरळ आहे का पाहा. मग पाइपमध्ये तळापासून साडेसात सेंटीमीटर खडी भरा. तिच्यातून पावसाचं पाणी खाली मुरतं आणि सळईही हलत नाही. पुढे जाण्याआधी एक बॉल घेऊन दांड्याच्या चारी बाजूंनी खाली जातो का ते पाहा. एका बाजूला अडकला तर सळई तिकडे झुकलेली आहे.

सळईचं वरचं टोक उघडं ठेवू नका. वाकणाऱ्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर ते येतं. जमिनीपासून १० सेंटीमीटरवर बांधणीची तार दोन-चार वेढे गुंडाळा आणि त्याच्या वर ठिबकची नळी सरकवा, वरच्या टोकाला एंड कॅप लावा. वेढ्यांमुळे नळी घसरून कपात येत नाही. भुसावळ-जळगावच्या उन्हात उघडी सळई दुपारी हात पोळेल इतकी तापते, तोही बचाव होतो.

फोमची चकती

फोम १० सेंटीमीटर व्यासाचा गोल कापा, मध्ये सळईपुरतं भोक, आणि भोकापासून कडेपर्यंत एक चीर. चीर असली की दांडा न उपटता चकती बसवता-काढता येते. थर एकावर एक ठेवून जाडी ५ सेंटीमीटर करा. १५ मधून खडीचे साडेसात आणि फोमचे पाच गेले, वर अडीच उरले.

हे अडीच सेंटीमीटर जपा. बॉलची त्रिज्या साधारण २.१३ सेंटीमीटर. कपाची खोली याहून कमी झाली तर बॉलचा मध्य कडेच्या वर राहतो आणि जरा वेगात आलेला बॉल कडेवरून चढून बाहेर पडतो. खोली साडेतीन-चार केली तर बॉल नीट पडतो, पण काढायला बोटं आत घालावी लागतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो. अडीचला बॉल आत थांबतो आणि पावणेदोन सेंटीमीटर वर दिसतो. दोन बोटांनी फक्त बॉल धरायचा, कडेला स्पर्श नाही. नवा फोम खेळून-खेळून दबतो, तेव्हा मधून-मधून पट्टी घालून खोली मोजा आणि खाली एक थर वाढवा.

फोम पाण्यावर तरंगतो. वळवाचा पाऊस आला की चकत्या शेजारच्या बांधावर सापडतील. बांधणीच्या तारेचा एक वेढा चकतीच्या वर सळईला घट्ट आवळला की झालं.

आकडा

हा थोडा खटाटोपाचा, पण मला जास्त आवडतो, कारण यात बॉल पूर्ण खाली पडतो आणि आवाजही येतो. इथं फोम नको आणि नळीखालचे तारेचे वेढेही नकोत, कारण नळी वर-खाली सरकली पाहिजे.

जुन्या ड्रमच्या झाकणातून साडेनऊ सेंटीमीटरची चकती कापा, मध्ये सळई सहज सरकेल असं १३-१४ मिलिमीटरचं भोक. पाणी जायला आणखी चार-पाच भोकं पाडा. दीड फूट लांब ठिबकची नळी घ्या. जीआय तारेचं एक टोक नळीच्या खालच्या भागाला वेढे देऊन पक्कं करा, तिथून तार सळईला चिकटून सरळ खाली आणा आणि चकतीच्या भोकाजवळ दोन ठिकाणी ओवून पक्की बांधा. चकती खडीवर टेकली असताना नळीचं खालचं टोक जमिनीपासून १० सेंटीमीटर वर राहील एवढी तार ठेवा. चकती तारेच्या बाजूला पाच मिलिमीटर उंच आणि समोर उतरती बांधा, म्हणजे वर आल्यावर बॉल आपोआप समोरून बाहेर घरंगळेल. नळीला गुडघ्याच्या उंचीवर तारेचा चार इंचाचा आडवा आकडा गुंडाळा. सळईवर हे सगळं वरून सरकवा आणि सळईच्या उघड्या टोकावर नळीचा वेगळा तुकडा आणि एंड कॅप बसवा.

वापरताना पटरचं डोकं आकड्याखाली घालून हळू उचलायचं. झटका दिला तर बॉल उडतो. पहिल्या दिवशी सगळेच झटका देतात.

खेळताना

होल कितीही नीट केला तरी एकच पटर सगळ्या वर्गात फिरत असेल तर उपयोग नाही. स्पर्श सगळ्यात जास्त मुठीवर होतो. साथीत कोर्सवाल्यांनी वाळूच्या खड्ड्यांतली दाताळी, बॉल धुण्याची यंत्रं आणि बाकडीसुद्धा हलवली होती. स्कोअरकार्डांची अदलाबदलही थांबवली होती. आपल्याकडे प्रत्येक मुलाचा स्वतःचा पटर शक्य नसेल तर साथीच्या दिवसांत एका पटरवर एकच मूल खेळवा, ते झालं की मूठ साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून मगच दुसऱ्याला द्या. बॉल मात्र ज्याचा त्याचा, त्यावर मार्करनं खूण. स्कोअर एकानंच लिहायचा. बॉल चकतीवर किंवा फोमवर थांबला तर गेला, आपटून बाहेर आला तर नाही, हे खेळ सुरू होण्याआधीच सगळ्यांसमोर सांगून टाका.

डोळे आलेलं किंवा ताप असलेलं मूल मात्र घरीच राहू द्या. त्याला होल कसाही असला तरी चालणार नाही.

उन्हाळ्यात खेळ सकाळी आणि साडेपाचनंतर. मृगाच्या आधी आकडे आणि फोम काढून घरात ठेवा, पाइपचं तोंड सळईभोवती जुनं पोतं दाबून बंद करा, नाहीतर आत माती भरून पुन्हा सगळी खडी उपसावी लागते. सळया उपटू नका, मुरूम सैल होतो. पावसाळा संपल्यावर पट्टीवर पाणी मारून पुन्हा रोलर फिरवायचा आणि पाइपची कड पट्टीच्या वर आली आहे का ते सपाट फळी आडवी ठेवून पाहायचं.