घरापासून फाट्यापर्यंत सावलीची वाट कशी तयार करावी

विदर्भातील अनेक खेड्यांत एसटी गावात शिरत नाही. ती फाट्यावर थांबते आणि तेथपर्यंतचे अंतर पायीच कापावे लागते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. परंतु मे महिन्यात कडेवर लेकरू घेऊन निघालेल्या बाईला किंवा दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला जड जाते ती फाट्यापर्यंतची वाटच. सिंगापूरने 2013 मध्ये मेट्रो स्थानकांपासून 400 मीटरच्या आतील शाळा, दवाखाने आणि वस्त्या छताच्या पायवाटांनी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तसे पक्के छत ग्रामपंचायतीला परवडणारे नाही. मात्र सावली सलग हवी, ही त्यातली गोष्ट आपणही जशीच्या तशी घ्यावी.

प्रथम नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एकदा बारा वाजता आणि एकदा चार वाजता ही वाट चालून पाहावी. सोबत शाळकरी मुले आणि एक-दोन वयस्क मंडळी असावीत. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रेशन दुकान येथून येणाऱ्या वाटा कोठे मिळतात, आज सावली कोठे आहे, पावसाळ्यात कोठे चिखल होतो, हे सर्व चुन्याच्या फक्कीने जागेवरच आखून घ्यावे.

दोन वेळा चालण्याचे कारण सूर्यात आहे. नागपूरच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि छताची सावली बरोबर छताखाली पडते. चार वाजेपर्यंत तोच सूर्य पश्चिमेला एवढा कलतो की आठ फूट उंचीच्या छताची सावली पूर्वेकडे दहा फुटांहून अधिक सरकलेली असते. म्हणजे दक्षिणोत्तर वाटेवर सहा फूट रुंदीचे छत घातले, तर शाळा सुटायच्या सुमारास सावली वाटेवर नसून शेजारच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) असते. आमच्या फाट्यावरच्या निवाऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतर आतल्या सिमेंटच्या बाकाला हात लावणेही कठीण होते, त्यामुळे माणसे मागच्या भिंतीच्या सावलीत उभी राहतात. चालकाला ती दिसत नाहीत आणि गाडी निघून जाते. निवारा बांधणाऱ्यांनी एक दिवस चार वाजता तेथे उभे राहून पाहिले असते, तर पश्चिमेला जाळीची भिंत नक्कीच आली असती.

म्हणून पूर्व-पश्चिम वाटेवर वरचे छत पुष्कळ काम करते, तर दक्षिणोत्तर वाटेवर पश्चिमेच्या बाजूने झाडे किंवा बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांचा आडोसा हवाच. झाड निवडताना ते उन्हाळ्यात पानावर असते का, एवढे आधी पाहावे. साग ऐन उन्हात निष्पर्ण असतो आणि गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. कडुनिंब आणि करंज मात्र चैत्रात नवी पालवी घेतात आणि वैशाखात दाट सावली देतात. मेमध्ये खड्डे खोदून तापू द्यावेत, पहिला चांगला पाऊस झाल्यावर वीस-वीस फुटांवर रोपे लावावीत, भोवती बोराटीचे काटे घालावेत आणि बुडाशी सच्छिद्र मडके पुरून ते भरत राहावे. पांदणीला, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या या वाटेला, लागून ज्यांचे शेत आहे त्यांच्याशी लागवडीपूर्वीच बोलावे. झाडाच्या सावलीत पीक दबते ही त्यांची तक्रार खरी असते, तेव्हा कोणत्या बाजूला किती अंतर सोडायचे हे त्यांच्यासमक्ष ठरलेले बरे.

झाडे मोठी होईपर्यंत मांडव लागेल. रुंदी सहा फूट ठेवावी, म्हणजे दोन माणसे शेजारून जातात आणि चाकाची खुर्चीही निघते. बांबूचे खांब, वर तट्टे किंवा तुराट्यांचा थर पुरेसा आहे. उघडे पत्रे टाळावेत, कारण तापलेला पत्रा खालच्या माणसालाही भाजून काढतो. पत्रेच मिळाले असतील, तर त्यांच्याखाली वीतभर अंतर सोडून तट्टे बांधावेत आणि पत्रे हुकाच्या बोल्टने आवळावेत, नाहीतर मृगाआधीच्या वादळात ते उडून जातात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे दीड फुटावर रोवलेला खांब वर्षभरात कलतो. मुरूम लागेपर्यंत खोदावे. पायवाटही मुरुमाचीच, आजूबाजूपेक्षा थोडी उंच, कडेला नालीसह करावी.

फाट्याजवळचा शेवटचा भाग रस्त्याच्या हद्दीत येतो. तेथे एकही खांब रोवण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाची, महामार्ग असल्यास त्या यंत्रणेची लेखी परवानगी घ्यावी आणि चालकाची नजर कोठेही अडणार नाही हे पाहावे. अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव आणि फक्कीवरून काढलेला नकाशा जोडावा. त्याच ठरावात प्रत्येक रोपापुढे एका घराचे नाव लिहून घ्यावे. पहिले दोन उन्हाळे त्या रोपाचे मडके भरण्याची जबाबदारी त्या घराची.