एव्हिलकडे जाणारा हात आवरा: ॲनाफिलॅक्सिसमधल्या चुका

सेफ्ट्रिॲक्झोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेऊन पेशंट बाहेर बाकावर बसतो. पाच मिनिटांत सिस्टर येतात, "सर, तळहातांना खाज सुटलीय म्हणतायत, कसंतरी होतंय." जाऊन बघावं तर मानेवर गांधी उठलेल्या, आवाज घोगरा, नाडी १३०. हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळलेली जिवावरची ॲलर्जी. अशा वेळी अनेक ओपीडींत आधी फुटते ती एव्हिलची (ॲलर्जीवरचं अँटिहिस्टामिन) अँप्युल, मग डेक्सा (स्टेरॉइड). बीपी लागेनासं झालं की कुणाला तरी ॲड्रिनलिन आठवतं, खरं तर सगळ्यात आधी द्यायचं ते हेच.

मीही काही वर्षं हेच केलंय, कारण हाउसमन असताना हेच बघितलं होतं. एव्हिलने खाज आणि गांधी बसतात. घशाची सूज आणि कोसळतं बीपी त्याला आवरत नाही. स्टेरॉइडला तर काम दाखवायलाच काही तास लागतात.

ॲड्रिनलिनच्या १ मिलीच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे १५ किलोच्या पोराला ०.१५. कातडीखाली नको, आणि इन्सुलिनच्या सिरिंजने तर मुळीच नको, ती सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही. पँट काढत बसू नका, कपड्यावरून द्या. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. घाबरून तेच औषध शिरेतून ढकललं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पण "म्हातारा आहे, बीपीचा आहे" म्हणून मांडीतला डोस अडवायचा नाही.

दुसरी चूक पेशंटला उठवण्याची. "चला, आत कॉटवर चला" म्हणून उभं केलं आणि तिथेच कोसळला, असं होतं. रक्त पायांत साठलेलं असतं, उभं राहताच हृदयाकडे परत येणारं रक्त आटतं. आहे तिथेच आडवं करा, पाय वर, ऑक्सिजन आणि सलाईन जोरात. धाप लागली असेल तर टेकवून बसवा, पाय मात्र लांब ठेवा.

अंगावर गांधी नाहीत म्हणजे ॲनाफिलॅक्सिस नाही, असंही नाही. दहातल्या एक-दोघांना त्या उठतच नाहीत. नुसती भीतीची चक्कर असेल तर नाडी बहुधा मंद असते आणि झोपवल्यावर माणूस लगेच सावरतो.

इंजेक्शनआधी कातडीत थोडंसं औषध टोचून बघतात, त्या टेस्ट डोसबद्दल माझं मत कडक आहे. कोपराखाली फुगा आला नाही की सगळे निर्धास्त होतात, पण निगेटिव्ह टेस्टनंतरही रिॲक्शन येते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या बऱ्याच रिॲक्शन आयजीई या ॲलर्जीच्या अँटिबॉडीमार्फत होतच नाहीत, त्या टेस्टमध्ये दिसणार कशा?

रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याचे ओठ, जीभ सुजली आणि खाज-गांधी काही नाही, तर तो प्रकार ॲलर्जीचा नव्हे, शरीरात साठलेल्या ब्रॅडीकायनिन या रसायनाचा. एव्हिल-डेक्सा तिथे जवळपास निरुपयोगी. गोळी कायमची बंद करा आणि श्वासनलिकेवर लक्ष ठेवा.

बरं वाटलं म्हणून तासाभरात घरी सोडू नका. काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, त्यामुळे जास्त आजारी झालेल्याला रात्रभर ठेवलेलं बरं. सोडताना औषधाचं नाव केसपेपरवर लाल पेनने लिहा, "इंजेक्शनची ॲलर्जी" असं मोघम नको.

आमच्याकडे ॲड्रिनलिनच्या दोन अँप्युल, २ सीसीची सिरिंज आणि इंचभर सुई एका डब्यात इंजेक्शनच्या टेबलावरच असतात. डबा झाकलेला, कारण उजेडाने औषध खराब होतं. एक्स्पायरी दर १ तारखेला सिस्टर बघतात.