विषयातला ‘च’ आधी, बाकीची तयारी मग

स्त्री-पुरुष समानतेवरच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवादाला उतरणार असाल, तर कात्रणं, पुस्तकं, भाषण सगळं नंतर. आधी मूळ सूचनापत्र हातात घ्या आणि विषय अक्षर न अक्षर उतरवून काढा. फोनवर ऐकलेला नको, कुणी घाईत टाइप करून पाठवलेला तर नकोच. ‘राजकीय आरक्षणाने स्त्री-पुरुष समानता येईल’ हा एक विषय, आणि ‘राजकीय आरक्षणानेच येईल’ हा पूर्ण वेगळा. गेल्या खेपेला आमच्या कागदावर हा ‘च’ नव्हता. सगळी तयारी प्रतिपक्षाच्या पहिल्या मिनिटातच निकामी झाली.

‘च’ आला की अनुकूल बाजूचं ओझं वाढतं. आरक्षणाचा फायदा होतो एवढ्याने भागत नाही, त्यावाचून अडतं हे दाखवावं लागतं. प्रतिकूल बाजूला मात्र दुसरी एक वाट दाखवली तरी पुरते, आणि वाटा आहेतच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती २००५ची. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४मध्येच केली होती. (त्याआधी लग्न झालेल्या मुली तीत वगळल्या होत्या. हे माहीत नसेल तर तो दाखला काढूच नका, कुणीतरी धरतंच.) दोन्ही वेळी लोकसभेत किंवा विधानसभेत महिलांसाठी राखीव जागा नव्हत्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. आणि भिडे वाड्यातली मुलींची शाळा तर १८४८ची.

अनुकूल बाजूने यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘च’चा अर्थ बांधून घ्यावा: ‘आरक्षण एवढंच पुरे’ असं आम्ही म्हणत नाही, ‘आरक्षणाशिवाय पुरं होत नाही’ असं म्हणतो. मग प्रतिपक्षाचे दाखले तुमच्याच कामाला येतात. वारसाहक्क कायद्याने आला, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं थांबलेलं नाही. कायदा आहे, पण गावात तो रेटणारी माणसं हवीत, इथून आरक्षणाकडे या. मात्र ‘सरपंचपती’चं, म्हणजे सरपंच बायको आणि कारभार नवऱ्याचा या आक्षेपाचं, उत्तर तयार ठेवूनच या.

संघातल्या दोघांपैकी एक अनुकूल, एक प्रतिकूल असला तरी दोघांनी दोन्ही बाजू लिहा, नाहीतर खंडन जागेवर सुचत नाही. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर विषय ‘च’सकट लिहा. हो, प्रत्येक कार्डावर.

आता आकडे. ७३वी घटनादुरुस्ती पंचायतींची, ७४वी शहरांची. दोन्ही १९९२च्या, लागू १९९३मध्ये. त्यांत किमान एक तृतीयांश जागा महिलांना. महाराष्ट्रात २०११मध्ये हा वाटा वाढून एकूण जागांच्या निम्मा झाला. लोकसभा-विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी १०६वी दुरुस्ती २०२३ची, पण तिच्यातच आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना अशी अट आहे. म्हणून २०२४च्या निवडणुकीत लोकसभेला ते आरक्षण नव्हतं आणि ५४३पैकी ७४ महिला निवडून आल्या. ‘संसदेत तेहतीस टक्के मिळालेच की’ असं ठोकून दिलंत तर गुण गेले. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातलं ०-६ वयोगटातलं लिंग गुणोत्तर (हजार मुलांमागे मुली) अंतिम आकडेवारीत ८९४ आहे. अनेक लेखांत अजून हंगामी ८८३ फिरतंय. घरकामाचे २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले दिवसाला २९९ मिनिटं (बायका) आणि ९७ मिनिटं (पुरुष) हे घरकाम करणाऱ्यांची सरासरी आहे, सगळ्यांची नव्हे. नेमका हा फरक विसरला जातो आणि परीक्षक तिथेच अडवतात.

भाषण पाच मिनिटांचं असेल तर साडेपाचशे शब्द, फार नाही. व्याख्या अर्धा मिनिट, मुद्दे तीनच, खंडनाला एक मिनिट राखून. इशाऱ्याची घंटा चौथ्या मिनिटाला होते का, ते आधी विचारा. ‘संसाररथाची दोन चाकं’ नको. चाकं जोडीने फिरतात, त्यांना हक्क नसतात, आणि प्रतिपक्ष हे लगेच म्हणतो. कवितेच्या ओळींनी शेवटचं मिनिट भरू नका. त्यात खंडन बसतं.

सराव घड्याळ लावून, उभं राहून, तीनदा तरी. समोर बसणाऱ्याने ‘च’वरूनच प्रश्न विचारायचे.

आदल्या रात्री ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीचं पत्र, कार्डं, पाणी. सकाळी अर्धा तास आधी पोचा. पोचल्यावर पहिलं काम: दारावर किंवा फलकावर लावलेला विषय पुन्हा वाचा. ‘च’ तोच आहे ना, कुठल्या शब्दाला लागलाय, ‘आरक्षणानेच’ की ‘समानताच’, बघा. मगच चहा.