माझ्या लॅपटॉपवर तर क्रम बरोबर होता

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये (म्हणजे माहितीपुस्तिकेत, जिच्यात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं) मी सुचवलेली पहिली दुरुस्ती चुकीची होती. शुद्धलेखनाची वगैरे चूक नव्हती ती, मुळातच चुकीची होती. आणि पाठवताना खात्री इतकी, की डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये उभ्याउभ्या दर दहा मिनिटांनी मी मोबाइल काढून कोणाचं उत्तर आलं का बघत होते.

गोष्ट पायथनच्या ओएस मॉड्यूलमधल्या लिस्टडिरची. फोल्डरमधल्या फायलींची नावं देणारं साधं फंक्शन. डॉक्समध्ये लिहिलंय की नावांची यादी कुठल्याही क्रमाने येईल. मी माझ्या लॅपटॉपवर पाच फोल्डरांवर चालवून बघितलं, पाचही वेळा नावं अकारविल्हे आली. झालं! मला वाटलं, कोणीतरी फार पूर्वी लिहिलेलं वाक्य तसंच राहून गेलंय. ते काढून ‘अकारविल्हे’ असं स्पष्ट लिहिलं आणि पाठवून दिलं. तपासणाऱ्याने दोन ओळींत सांगितलं की विंडोजवर बहुधा असं दिसतं, लिनक्सवर दिसेलच असं नाही, आणि माझी बदलाची विनंती बंद केली. चार दिवस मी धुमसत होते. पाच वेळा तपासलं होतं की!

त्यानंतर महिनाभरात गावच्या कालोत्सवाची, म्हणजे देवळाच्या उत्सवाची, स्मरणिका आली. दरवर्षीप्रमाणे नाटकाच्या कलाकारांचे आणि समितीचे फोटो मिळून २३. फोटोंना ०१, ०२ असे क्रमांक दिले, नावांची यादी त्याच क्रमाने फायलीत लिहिली आणि दोन्ही जोडून पानं लावणारी छोटी स्क्रिप्ट केली. माझ्याकडे सगळं चोख. पीडीएफ छापखान्यात द्यायचं काम मंडळातल्या एका मुलाकडे होतं, म्हणून स्क्रिप्ट त्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर चालवली. रात्री साडेदहाला समितीच्या काकांचा फोन, ‘हें कितें गो?’ मिशा पिळणाऱ्या खलनायकाच्या फोटोखाली अध्यक्षांचं नाव होतं. अध्यक्षांच्या फोटोखाली नायिकेचं.

स्क्रिप्टमध्ये सॉर्टेड (यादी क्रमाने लावणारं फंक्शन) हा एकच शब्द घालायचा राहिला होता. म्हणजे जे वाक्य मी डॉक्समधून खोडायला निघाले होते, त्याच वाक्यावर मी विश्वास ठेवला नव्हता.

इथे जरा थांबते, कारण नवे लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. डॉक्युमेंटेशन म्हणजे ‘काय होतं’ याचं वर्णन असं आपण धरून चालतो. भाषेच्या अधिकृत डॉक्समध्ये बराचसा भाग वेगळाच असतो: ‘कशाची हमी आहे’ आणि ‘कशाची नाही’. लिस्टडिर स्वतः काही लावत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम जशी नावं देईल तशी पुढे ढकलतं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) ती सहसा नावाच्या क्रमाने येतात. लिनक्सवर जी ईएक्सटी४ ही पद्धत बहुतेक ठिकाणी असते, ती नावांचा हॅश (नावावरून काढलेला आकडा) काढून ठेवते, त्यामुळे बाहेर येणारा क्रम आपल्याला विस्कटलेला दिसतो. दोन्हीकडे पायथन बरोबरच वागतो. ‘कुठल्याही क्रमाने’ याचा अर्थ ‘क्रम बिघडेल’ असा नाही, ‘क्रमावर विसंबू नका’ असा आहे. माझी पाच फोल्डरं नाही, पाचशे असती तरी त्या वाक्याविरुद्ध पुरावा झाला नसता. सगळी एकाच लॅपटॉपवरची!

हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं समजू नका. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना रसायनशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्टमध्ये हाच प्रकार सापडला. ग्लॉब (ठरावीक नमुन्याच्या नावांच्या फायली शोधणारं मॉड्यूल) वापरून फायली वाचल्या होत्या, क्रम लावलेला नव्हता, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की आकडे बदलत होते. हे वाचल्यावर मला माझ्या स्मरणिकेचं थोडं कमी वाईट वाटलं.

उलट बाजूही बघा. डिक्शनरीत (नाव-किंमत अशा जोड्यांच्या यादीत) ज्या क्रमाने किल्ल्या, म्हणजे नावं, घातली त्याच क्रमाने त्या राहतात, हे पायथनच्या ३.६ आवृत्तीत दिसत होतं, पण तेव्हा ती फक्त सीपायथनची (आपण नेहमी वापरतो त्या पायथनची) अंतर्गत रचना होती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी ते भाषेचंच वैशिष्ट्य ठरवलं आणि ३.७ पासून हमी आली. ज्या दिवशी ३.६ होतं त्या दिवशी कोणी डॉक्समध्ये ‘क्रम राहतोच’ लिहिलं असतं तर ते चूक ठरलं असतं. वागणं तेच, वचन मात्र नंतर दिलेलं. आयडी फंक्शनच्या वर्णनात ‘सीपायथन इम्प्लिमेंटेशन डिटेल’ (ही फक्त सीपायथनची अंतर्गत बाब) असा वेगळा शेरा दिसेल, तो याचसाठी. असा शेरा दिसला की हात जरा आवरा.

मग चूक खरी की आपला गैरसमज, हे कसं ओळखायचं? आधी पानावर वर कोणती आवृत्ती निवडलीय ते बघा. मी एकदा ३.८ चं पान वाचून ३.१२ ला शिव्या घातल्यात. मग सोर्स रेपॉझिटरीत (पायथनचा कोड ठेवलेल्या भांडारात) डॉक फोल्डरमध्ये तीच फाइल मेन, म्हणजे सगळ्यात ताज्या, शाखेवर उघडा, कदाचित कोणीतरी आधीच सुधारलेली असेल. ती ओळ कोणी, कशासाठी लिहिली हे गिट ब्लेम या कमांडने कळतं, आणि त्या मागची जुनी चर्चा वाचलीत तर निम्म्या वेळा आपली दुरुस्ती गळून पडते. त्याचं दुःख करू नका. मी तीन वेळा असंच गुपचूप मागे फिरलेय.

बाकीचं यंत्रासारखं आहे. फायली रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या खुणांत असतात, स्फिंक्स हे साधन त्यांची पानं करतं, डॉक फोल्डरमध्ये मेक एचटीएमएल ही कमांड चालवून आपल्याच ब्राउझरमध्ये बघता येतं. पहिल्या वेळी योगदानाच्या करारावर सही मागतात, घाबरू नका. साध्या टायपोसाठी आधी इश्यू (चुकीची नोंद) उघडायची गरज नसते. एक मात्र ऐका: एक शब्द बदलायचा असेल तर एकच शब्द बदला. परिच्छेदाच्या सगळ्या ओळी नव्याने मोडून सारख्या केल्यात, तर तपासणाऱ्याला वीस ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि त्यातून तुमचा शब्द त्यानेच शोधायचा. हे लोक बहुतेक फुकटात, आपला वेळ काढून हे काम करतात. आणि हेल्प फंक्शनमध्ये दिसणारा मजकूर कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या वर्णनातून) येतो, डॉक फोल्डरमधून नाही. तो वेगळा शोधावा लागतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरमधला खुल्या सॉफ्टवेअरला हातभार लावायचा उपक्रम) बक्षिसाच्या टी-शर्टसाठी लोकांनी रेपॉझिटऱ्यांवर निरर्थक बदलांचा पाऊस पाडला, इतका की पुढे नियम बदलावे लागले. आता तेच एआयकडून परिच्छेद ‘सुंदर’ करून घेऊन चालतं. परिच्छेद गुळगुळीत होतो आणि हमी कुठेतरी सांडते. ‘शकतं’ चं ‘होतं’ होतं, संपलं.

पैसे देऊन मेंटर घेण्यापेक्षा तुमचं वाक्य मोठ्याने वाचून ‘म्हणजे काय?’ विचारणारं माणूस गाठा. माझ्या बाबतीत ती माझी मावशी, फोंड्याला मराठी शिकवायची. प्रोग्रामिंगचं तिला ओ की ठो कळत नाही. पण डॉक्समधल्या एका हाऊटू (कसं करायचं ते सांगणाऱ्या) पानातलं माझं वाक्य मी तिला मराठीत सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘वर ज्याला तू हे म्हणालीस, खाली त्यालाच ते म्हणतेस का?’ मूळ उदाहरणात व्हेरिएबलचं नाव खरंच वर एक, खाली दुसरं होतं. दोन शब्दांची ती दुरुस्ती घेतली गेली. चुकीच्या लांबलचक दुरुस्तीनंतर सात महिन्यांनी.

तेव्हा पहिली विनंती बंद झाली म्हणून खचू नका. माझी बंद केली ते बरंच झालं, नाहीतर कोणीतरी माझ्या वाक्यावर विसंबून आपल्या गावाची स्मरणिका छापली असती.

यंदाचे फोटो परवा आले. चोवीस आहेत, सगळ्यांच्या नावात व्हॉट्सॲप इमेज आणि तारीख. सॉर्टेडचाही इथे उपयोग नाही. काकांना समोर बसवून एकेक विचारतेय.