अतिजहाल मिरची घरच्या घरी बियांपासून कशी वाढवावी

भूत जोलोकिया, त्रिनिदाद मोरुगा स्कॉर्पियन, कॅरोलिना रीपर यांसारख्या अतिजहाल मिरच्या घरी वाढवणे अवघड नाही. ते वेळखाऊ मात्र नक्कीच आहे. साधी मिरची पेरल्यावर आठ-दहा दिवसांत उगवून येते. या मिरच्यांना त्यासाठी दोन ते चार आठवडे लागतात आणि एखादे चिवट बी सहाव्या आठवड्यातही डोके वर काढते. पेरणीपासून पहिले पिकलेले फळ हाती येईपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात. घरी केलेल्या लागवडीत रोपे दगावतात ती बहुतेक वेळा या दिरंगाईला कंटाळून घातलेल्या जादा पाण्याने, आणि म्हणून पुढच्या मजकुरात पाण्याचा विषय वारंवार येणार आहे.

या बहुतेक जाती ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या प्रजातीतल्या आहेत आणि तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या उष्ण, दमट प्रदेशात आहे. उबदार माती, दमट हवा आणि लांबलचक हंगाम या तिच्या गरजा तिथूनच आल्या आहेत. आपल्याकडे थंडी पडत असेल, तर थंडी संपण्याच्या दोन-तीन महिने आधी घरात पेरणी करावी, म्हणजे रोपे बाहेर जाण्याजोगी होईपर्यंत हवा तापलेली असते. हवा बाराही महिने उबदार असेल, तर ऐन उन्हाळ्याचा चटका आणि झडीचा पाऊस या दोन्ही काळांत रोपे कोवळी असणार नाहीत असा हिशेब करून पेरावे.

तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने 1912 मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केल्यावर चाखणाऱ्याला तिखट लागेनासा होतो, यावर तो आकडा ठरत असे. आता हेच काम प्रयोगशाळेतील यंत्रे करतात. या मापाने मेक्सिकोतली मध्यम तिखट हालापेन्यो मिरची 2,500 ते 8,000 स्कोव्हिल एककांची असते, जहाल हाबानेरो मिरची साधारण 1 लाख ते 3.5 लाखांची. भूत जोलोकियाने 10 लाखांचा टप्पा ओलांडल्याची नोंद गिनीज बुकाने 2007 मध्ये घेतली, कॅरोलिना रीपरची सरासरी 2017 च्या मोजणीत 16,41,183 भरली आणि 2023 मध्ये ‘पेपर एक्स’ या मिरचीने 26,93,000 चा आकडा गाठला. पेपर एक्सच्या निर्मात्याने ही नोंद झाली तेव्हा तिचे बियाणे कोणालाही खुले केलेले नव्हते, त्यामुळे त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांकडे संशयानेच पाहावे. हे आकडे नमुन्याचे असतात, हेही ध्यानात असू द्यावे. एकाच झाडावरच्या दोन फळांच्या तिखटपणातही बराच फरक पडतो.

बियाण्याची निवड

मिरचीचे बी नुसते पाहून जात ओळखता येत नाही. चपटे, फिकट पिवळसर बी ढोबळी मिरचीचे असो की रीपरचे, वरकरणी सारखेच दिसते, आणि फसवणूक झाल्याचे कळते ते थेट फळ लागल्यावर, म्हणजे निम्मे वर्ष वाया गेल्यावर. शिवाय मिरचीचे फूल स्वपरागित असले तरी मधमाश्या एका जातीचे पराग दुसऱ्या जातीवर सहज नेतात. शेजारी शेजारी लावलेल्या झाडांच्या बियांतून पुढच्या पिढीत काय निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून फुले जाळीत झाकून किंवा झाडे वेगळी ठेवून बी धरले आहे असे स्पष्ट सांगणाऱ्याकडूनच बियाणे घ्यावे. पहिल्यांदाच लागवड करणाऱ्याने एक-दोन बिया हाबानेरोच्याही पेराव्यात असे माझे मत आहे. तिची सवय आणि वेळापत्रक याच कुळातले आहे, पण ती चुका अधिक सोसते.

बियाणे ताजे असेल तर उगवण चांगली होते. कोरड्या, थंड जागी ठेवलेले बी तीन-चार वर्षे टिकते, मात्र दरवर्षी उगवणीचे प्रमाण घटत जाते. पेरण्याआधी बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे, म्हणजे कडक साल नरम पडते. काही जण कॅमोमाइल या फुलाच्या फिक्या चहात किंवा पोटॅशियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजवतात. ऊब पुरेशी असेल तर साध्या पाण्यानेही काम भागते. नसेल तर कोणतेही द्रावण तिची जागा घेऊ शकत नाही.

पेरणी आणि ऊब

बागेतली माती रोपांसाठी वापरू नये. ती दाबून बसते आणि तिच्यातून बुरशी येते. भिजवून पिळलेले कोकोपीट आणि थोडे परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज दाणे) यांचे हलके मिश्रण उत्तम. या टप्प्यावर त्यात खत घालण्याची गरज नाही, कारण पहिल्या पानांपुरती शिदोरी बियातच असते. तळाला भोके असलेल्या सीडलिंग ट्रेच्या प्रत्येक खणात अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीवर एकेक बी ठेवावे, वरून मिश्रण हलकेच दाबावे आणि जातीच्या नावाची पट्टी तेव्हाच खोचावी. पुढे सगळी रोपे सारखीच दिसतात.

उगवणीसाठी माती 26 ते 30 अंश सेल्सिअस हवी. हा आकडा मातीचा आहे, खोलीचा नाही. ओल्या मिश्रणातून सतत बाष्पीभवन होत असल्यामुळे ट्रे खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहू शकतो. म्हणून थर्मामीटर मिश्रणात खोचून पाहावे. 20 अंशांच्या खाली बी जवळजवळ स्वस्थ पडून राहते आणि ओलाव्यात कुजू लागते. 35 अंशांच्या वर गेल्यास अंकुर मरू शकतो. थंड जागी थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारे नियंत्रक) असलेली हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, घेणे हा या छंदातला सर्वांत सार्थ खर्च आहे. फ्रिजच्या माथ्यावर ट्रे ठेवण्याचा जुना सल्ला अजूनही सांगितला जातो, पण आताच्या अनेक फ्रिजचा माथा मुळी तापतच नाही, तेव्हा आधी हात लावून पाहिलेले बरे. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवावे आणि दिवसातून एकदा ते काही मिनिटे उघडून हवा बदलावी. मिश्रणात वाफसा असावा: चिमूट दाबली तर ओल जाणवावी, पण पाणी सुटू नये.

मिरचीचा कोंब वाकलेल्या मानेने मातीबाहेर येतो आणि मग हळूहळू ताठ होत दोन अरुंद बीजपत्रे, म्हणजे बियातली पहिली पाने, उघडतो. अतिजहाल जातींत पुष्कळदा बियाची साल या पानांच्या टोकाला टोपीसारखी घट्ट अडकून राहते. ती लगेच ओढू नये. ओढल्यास बीजपत्रे सालीबरोबर तुटून येतात आणि उघडा देठ तेवढा मागे राहतो. सालीवर कोमट पाण्याचा एक थेंब ठेवावा, झाकण लावून ट्रे दमट ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा थेंब द्यावा. दिवसभरात साल बहुधा आपोआप सुटते. न सुटल्यास भिजून मऊ झाल्यावर चिमट्याच्या टोकाने तिच्या कडा हलकेच फाकवाव्यात.

रोपांचे पहिले दोन महिने

कोंब दिसताक्षणी प्रकाश द्यावा. खिडकीतला प्रकाश बहुतेक घरांत अपुरा पडतो आणि रोपे उंच, लुळी, फिकट होतात. पांढऱ्या एलईडी दिव्याखाली रोज 14 ते 16 तास ठेवल्यास रोपे ठेंगणी आणि दणकट वाढतात. पेरे (देठावरचे पानांमधले अंतर) लांब पडू लागले तर दिवा जवळ आणावा, पाने वळू किंवा पांढरट पडू लागली तर दूर न्यावा. रात्री मात्र अंधार हवाच. उगवण झाल्यावर झाकण काढून टाकावे आणि तापमान 22 ते 25 अंशांवर आणावे.

याच टप्प्यावर रोपे कोलमडतात. संध्याकाळपर्यंत धडधाकट दिसणारे रोप सकाळी आडवे झालेले असते आणि जमिनीलगतचा देठ पाणचट, बारीक झालेला दिसतो. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या आणि बुरशीसदृश जीव याला कारणीभूत असतात. कोलमडलेले रोप वाचत नाही, म्हणून सगळी मदार प्रतिबंधावर असते. पाणी झारीने वरून न देता ट्रे पाण्याच्या उथळ ताटात ठेवून खालून द्यावे, वीस मिनिटांनी ताटातले उरलेले पाणी ओतून टाकावे आणि वरचा थर सुकलेला दिसल्याशिवाय पुन्हा देऊ नये. लहान पंख्याची मंद झुळूक रोपांवरून फिरत राहिली, तर पृष्ठभाग कोरडा राहतो आणि देठही जाड होतात. तंबाखू हाताळणाऱ्याने रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो.

बीजपत्रांनंतरच्या खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप आठ-दहा सेंटिमीटरच्या कुंडीत हलवावे. उचलताना पानाला धरावे, देठाला नाही. पान तुटले तर नवे येते, देठ चिरडला तर रोपच जाते. यानंतर निम्म्या मात्रेचे द्रवखत दर दोन आठवड्यांनी द्यायला हरकत नाही.

बाहेर नेणे, कुंडी आणि फुले

रोप 15 सेंटिमीटरच्या आसपास वाढले आणि रात्रीचे तापमान 15 अंशांच्या खाली जाईनासे झाले, की ते उन्हाला सरावण्यासाठी बाहेर काढावे. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडे अधिक, असे करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात आणावे. घाई केल्यास पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. शेवटची कुंडी 15 ते 20 लिटरची असावी, तळाची भोके मोकळी असावीत. निम्मी चांगली माती, उरलेल्यात मुरलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड असे मिश्रण चालते. सामू (पीएच) 6 ते 6.8 असावा. रोज सहा-आठ तास ऊन मिळावे, मात्र पारा 35 अंशांच्या वर जात असेल तर दुपारी सावलीची जाळी धरावी. पाणी देताना तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि मग वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुकेपर्यंत थांबावे. भर दुपारी पाने मलूल दिसणे हे तहानेचेच लक्षण असते असे नाही. संध्याकाळी ती सावरली तर पाण्याची गरज नव्हती असे समजावे.

वाढीच्या काळात नत्र (नायट्रोजन) लागते, पण कळ्या धरू लागल्यावर ते कमी करून पालाश (पोटॅशियम) वाढवावे, नाहीतर झाड नुसतेच हिरवेगार माजते आणि फळ धरत नाही. पहिला बहर बहुधा गळतो. दिवसाचे तापमान 32-35 अंशांच्या वर किंवा रात्रीचे 15 अंशांच्या खाली गेले की फुले गळतात, आणि हवा बदलेपर्यंत त्यावर फवारणीचा उपाय नसतो. बंद जागेत वारा आणि कीटक नसल्यास फुललेल्या फांद्या रोज हलकेच झटकाव्यात.

पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून लांबट झाली तर कोळी कीड (माइट्स), असा शेतकऱ्यांचा ढोबळ ठोकताळा आहे आणि तो बऱ्याचदा खरा ठरतो. मावा आणि पांढरी माशी पानांच्या मागे असतात, म्हणून निंबोळी अर्काची फवारणी पानांच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर करावी. विषाणूमुळे चुरडा-मुरडा झालेले झाड बरे होत नाही. ते उपटून टाकावे, म्हणजे बाकीची वाचतात.

झाडाला पाण्याचा ताण दिला की मिरची अधिक तिखट होते, असे सांगितले जाते. काही जातींत मर्यादित ताणाने तसे घडते, पण अतिजहाल जातींना मुळात जहालपणाची उणीव नसताना फळे गमावण्याचा हा धोका पत्करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तोडणी, हाताळणी आणि पुढचे बी

फूल धरल्यापासून फळ पूर्ण रंगायला साधारण दोन महिने लागतात. रंग पुरता चढल्यावर देठासह कात्रीने कापावे; ओढल्यास अख्खी फांदी तुटते. फळ चिरले की आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्यांवर, आणि भूत जोलोकिया किंवा रीपरमध्ये सालीच्या आतल्या भिंतीवरही, पिवळसर तेलकट थेंब चमकताना दिसतात. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन याच ठिकाणी तयार होते. बी स्वतः ते बनवत नाही, गराला चिकटून असल्यामुळे ते तिखट लागते.

कॅप्सेसिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून चिरताना नायट्रिलचे हातमोजे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात. हाताला लागलेच तर आधी खाद्यतेल चोळून मग भांड्यांच्या साबणाने धुवावे. तोंडाची आग पाण्याने शमत नाही, दुधाने शमते, कारण दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेते. मोजे काढल्यानंतरही काही तास कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावू नये. मिरच्या वाळवायच्या असतील तर घराबाहेर किंवा हवेशीर जागीच वाळवाव्यात. बंद खोलीत ड्रायर लावल्यास घरभर ठसका लागतो. आणि पैजेवर अख्खी मिरची खाण्याचा प्रकार टाळावा: रीपर खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावून असह्य डोकेदुखी झाल्याचे एक प्रकरण 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

पुढच्या हंगामासाठी बी धरायचे असेल तर काही कळ्या उमलण्यापूर्वीच बारीक जाळीच्या पिशवीत झाकाव्यात, फळ धरल्यावर पिशवी काढून त्या देठाला दोरा बांधावा आणि ते फळ पूर्ण पिकू द्यावे. बी सावलीत, कागदावर पसरून, वाकवल्यावर लवचीक न राहता मोडेल इतके वाळवावे आणि नाव व वर्ष लिहून हवाबंद डब्यात ठेवावे. झाड मात्र लगेच फेकू नये. मिरची ही मुळात बहुवर्षायू वनस्पती आहे: हंगाम संपल्यावर फांद्या मुख्य खोडापासून वीतभर ठेवून छाटल्या, कुंडी 10 अंशांच्या वर राहील अशा जागी ठेवली आणि पाणी अगदी जेमतेम दिले, तर पुढच्या उन्हात तेच खोड फुटते आणि नव्याने पेरलेल्या रोपापेक्षा कित्येक आठवडे आधी फळाला येते.