जुनी गाडी ट्रॅकवर नेताय? ब्रेकच्या या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये माझ्या अंगणात जुनी एस्टीम, झेन नाहीतर होंडा सिटी आणून उभी करतं. "काका, ब्रेक अपग्रेड करायचेत." मी आधी बॉनेट उघडायला सांगतो. ब्रेक ऑइलच्या डब्यात काळ्या चहाच्या रंगाचं तेल असतं आणि डिक्कीत लालभडक मोठे कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारे चिमटे), खोक्यासकट. इंदूरजवळच्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१मध्ये सुरू झाल्यापासून तर अशी मुलं वाढलीच आहेत. गाडीवर त्यांची माया खरी असते, म्हणूनच मला जास्त राग येतो.

ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करून ती हवेत सोडणं. हजार किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून थांबवली की साधारण साडेपाचशे किलोज्यूल उष्णता तयार होते. वेग १००चा १४० झाला की ती जवळजवळ दुप्पट. पलासियाच्या सिग्नलला थांबलात तर पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क निवते. ट्रॅकवर ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. खर्च कशावर करायचा हे ठरवताना एवढं डोक्यात ठेवा.

जुन्या तेलावर ट्रॅकवर जाणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक हीच. ब्रेक ऑइलच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४ अशी प्रत लिहिलेली असते. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४चा २३०, डॉट ५.१चा २६०. पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३साठी हाच आकडा १४० आणि डॉट ४साठी १५५वर येतो. तेल उकळलं की नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय फळीला टेकतो.

मी हे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शिकलो. पॅड नवे टाकले होते, तेल मात्र दिसायला स्वच्छ आहे म्हणून तसंच ठेवलं. तिथे तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला उजवीकडे एकदम आवळलेलं चौथं वळण. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. मला ते कळलं होतं, तरी मी आणखी एक फेरी घेतली. चौथ्या फेरीत त्याच वळणाआधी पाय सरळ खाली गेला. भराभर पंप केलं, गिअर उतरवत गेलो, आणि गाडी वळण सोडून बाहेरच्या मोकळ्या डांबरावर जाऊन थांबली. शेजारी धाकटा भाऊ होता. त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ एक शब्द बोलला नाही. तिथे भिंत असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही रात्री येतो.

अर्ध्या तासाने पेडल परत कडक झालं. इथेच माणसं फसतात. तेल निवतं, वाफेचं पुन्हा तेल होतं आणि सगळं ठीक वाटतं. पाणी मात्र आतच असतं.

तेव्हापासून ट्रॅकला जायच्या आदल्या आठवड्यात चारही चाकांतून जुनं तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं भरतो. उघडा डबा पुढच्या वेळेसाठी ठेवत नाही, मग अर्धा का उरलेला असेना. डॉट ५ नावाचं तेल सिलिकॉनचं असतं. ते ५.१चं भाऊबंद नव्हे, त्यात मिसळू नका.

आजार न ओळखता पार्ट बदलणं

पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर तेल उकळलंय किंवा नळ्यांत हवा आहे. पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून हरलेत. पहिल्यांदा खाली जातं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं, तर मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट किंवा पुढच्या चाकाच्या बेअरिंगमधली ढिलाई तपासा. पाय थरथरत असेल तर "डिस्क वाकली" म्हणून फेकून देऊ नका. बहुतेकदा गरम पॅड एका जागी दाबून धरल्याने त्यांचा थर डिस्कवर चिकटलेला असतो.

हा थर सारखा बसावा म्हणूनच नवे पॅड रुळवावे लागतात. मी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ८०वरून २०पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावतो, पूर्ण थांबत नाही, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता चालवतो. मुलांना एवढाही धीर नसतो. काल पॅड टाकले आणि आज ट्रॅकवर निघाले!

मोठे कॅलिपर आधी, अक्कल नंतर

एका मुलाने मोठ्या गाडीचे कॅलिपर झेनला बसवले. गॅरेजमध्ये दोन दिवस ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, दोन डबे तेल गेलं, पेडल तरी स्पंजासारखं. उस्ताद म्हणाला, "भिया, मास्टर सिलिंडर गया." म्हणजे पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणारा पंप. नवा मास्टर सिलिंडरही घातला, फरक शून्य. मी चाक काढून पाहिलं तर ब्लीडर निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचं तोंड, खाली होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला होता! हवा वर जाते. निपल खाली असेल तर जन्मभर पंप करा, ती वरच बसून राहणार. बाजू बदलल्या आणि वीस मिनिटांत पेडल आलं.

आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की जुन्या मास्टर सिलिंडरने तेल कमी पडतं, पेडल लांब होतं. पुढचे ब्रेक एकट्यानेच दांडगे केले की मागच्यांचा वाटा घटतो. पुढची चाकं लवकर अडकतात आणि गाडी उलट लांब जाऊन थांबते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: तेल, चांगले पॅड, जुन्या रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या, डिस्कला हवा, टायर. एवढं करूनही ब्रेक हरले तरच कॅलिपर.

जुन्या मास्टर सिलिंडरवर हवा काढताना पेडल पार खालपर्यंत दाबू नका. आतला कधी न वापरलेला भाग गंजलेला असतो, त्यावर सील फाटतं. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

ब्रेकचे रबर पार्ट पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, फुगतात. कॅलिपरच्या पिनांना साधं ग्रीस नको, सिलिकॉनचंच. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात. निव्वळ रेसचे पॅड घालून घरून निघू नका. थंड असताना ते नीट धरत नाहीत, आणि रस्त्यात गाय पहिल्याच चौकात येते.

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश घ्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकामागे वीट लावा. सगळं निवलं की चाकं काढून पॅडची जाडी बघा, नळ्यांवरून हात फिरवा, आणि मगच इंदूरचा रस्ता धरा.